मोरोच्या नावावरची चिठ्ठी

शनिवार, ८ जानेवारी २००५. सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी डुक्कर पडले. साडेआठपर्यंत उकळत्या पाण्याने त्याचे केस काढून झाले आणि ते अंगणातल्या शिडीला उलटे टांगले गेले. नऊला गुरांच्या डॉक्टरने, एर्मेसने, हातमोजे चढवले.

तुर्रीनांच्या अंगणातले डुक्कर सतरा वर्षे तोच तपासत आला होता. बहिणीचे सासर म्हणून त्यात सूट नव्हती. आधी फुप्फुसे, मग यकृत, मग प्लीहा, मग आतड्यांच्या पडद्यातल्या गाठी. प्रत्येक गाठ उभी चिरायची आणि आतला रंग पाहायचा. शेवटी छातीखालच्या पडद्याचा अक्रोडाएवढा तुकडा डबीत घालून प्रयोगशाळेला पाठवायचा. एरवी या कामाला त्याला वीस मिनिटे लागत. आज पाऊण तास होत आला होता.

डुक्कर कापायला आलेला जेलिंदो सुरीला धार लावत शेजारी उभा होता. "आज फार वेळ घेतोयस, डॉक्टर. डुकराला काही झालंय का?"

"नाही."

"मग तुला झालंय."

एर्मेसच्या तळहातावर जठरालगतची एक गाठ होती, घेवड्याच्या दाण्याएवढी, फिकट, अगदी निरोगी. ती त्याने दोनदा चिरली होती. ती टाकून त्याने पुढची घेतली.

त्याच्या बहिणीचा, डेल्फिनाचा, अहवाल काल दुपारी चारला आला होता. डॉक्टर देल्ला लिबेरांनी तो तिला आणि तिच्या नवऱ्याला, तार्चिसियोला, समोर बसवून वाचून दाखवला. सहा वर्षांपूर्वी डेल्फिनाच्या जठराच्या अस्तरात मंद जातीचा लिम्फोमा, लसिकापेशींचा कर्करोग, सापडला होता. या खोऱ्यात तो इतर ठिकाणांपेक्षा जास्त दिसतो, आणि त्याच्या मुळाशी बहुधा पोटातला एक जंतू असतो. चौदा दिवस गोळ्या घेतल्या, जंतू मेला, आणि वर्षाच्या आत लिम्फोमाही विरून गेला. त्यानंतर दरवर्षी जूनमध्ये दुर्बीण घालून बघायचे ठरले होते. तीन वर्षे बघितले. चौथ्या आणि पाचव्या वर्षी तारीख नेमकी गायी वरच्या उन्हाळी कुरणावर, माल्ग्यावर, न्यायच्या आठवड्यात आली. या घरात गायींसाठी तारखा हलतात, तारखांसाठी गायी हलत नाहीत. आता त्याच जागी, त्याच मंद पेशींमधून मोठ्या, भराभर वाढणाऱ्या पेशी निघाल्या होत्या. लिम्फोमाची जात बदलली होती. सोमवारी सकाळी बोलावले होते. केमो लांबवण्यासारखी परिस्थिती नाही, असे डॉक्टरांनी दोनदा सांगितले.

एक गोष्ट अहवालात नव्हती, कारण ती डॉक्टरांना कोणी सांगितलीच नव्हती.

नोव्हेंबरच्या मध्यात डेल्फिनाचे पोट पुन्हा दुखू लागले. तिने डॉक्टरांना फोन केला नाही, धाकट्या भावाला केला. मागच्या वेळच्याच गोळ्या लिहून दे म्हणाली. एर्मेस गुरांचा डॉक्टर. त्याने चिठ्ठी लिहिली ती तिच्या गुराख्या कुत्र्याच्या नावाने: मोरो, वय सात, वजन साठ किलो. मोरोचे खरे वजन एकोणीस किलो होते, पण बाईमाणसाला पुरेल इतके औषध एकोणीस किलोच्या कुत्र्याला देता येत नाही. दोन जंतुनाशके चौदा दिवस, आणि पोटातल्या आम्लाची गोळी रोज, पुढेही चालू. पाचव्या दिवशी दुखणे थांबले. डेल्फिनाने फोन करून त्याची तारीफ केली. सोळा डिसेंबरला ती गोठ्यात चक्कर येऊन पडली. विसाव्या तारखेला दुर्बीण घातली, तेव्हा डॉक्टरांनी विचारले, मधल्या काळात काही औषध घेतलेत का? डेल्फिना नाही म्हणाली. गुरांच्या डॉक्टरने माणसाला औषध दिल्याचे त्यांच्या मंडळाला कळले, तर त्याचा शिक्का, म्हणजे परवाना, जातो. तिने हे परतताना गाडीत एर्मेसला सांगितले, जणू बाजारातून आठवणीने काहीतरी आणले होते.

एर्मेसने डुकरावर पास झाल्याचा शिक्का मारला आणि हात धुवायला तो स्वयंपाकघरात गेला.

दगडी मोरीवर तीन बायका सॉसेज भरायची आतडी धूत होत्या. डेल्फिना व्हिनेगर ओतत होती, तिची मुलगी नोएमी मक्याचे पीठ चोळत होती, आणि तार्चिसियोची थोरली बहीण ओत्ताविया ती उलटवून पुन्हा बघत होती, कारण दुसऱ्याने धुतलेल्या आतड्यावर तिचा कधी विश्वास बसला नव्हता. नोएमी पादोव्हा शहरात शाळेत शिकवायची, काल अहवालाचे कळताच आली होती.

"सोमवारी इथल्या रुग्णालयात जायचं नाही, आई. पादोव्हातच जायचं. मी तिकडे बोललेय."

"तिथल्या सलाईनमध्ये काय वेगळं पाणी असतं?"

"मोठं रुग्णालय आहे."

"म्हणून तर नको. गाडी लावायला जागा शोधेपर्यंत माझी एक केमो जाईल."

"तू प्रत्येक गोष्ट हसण्यावारी नेऊ नकोस."

"बरं, रडते. आतडं इकडे दे."

ओत्तावियाने मान वर केली नाही. "सलाईन कशाला हवी, म्हणते मी. सहा वर्षांमागे चौदा दिवस गोळ्या घेतल्या, गेलं की नाही? तेच दुखणं, तीच जागा. परत गोळ्या द्या म्हणावं. केस घालवून, ओकाऱ्या काढून काय मिळणारे?"

तार्चिसियो गरम पाण्याची बादली घेऊन दारात उभा होता. तो फार बोलणारा माणूस नव्हता. "मीही कालपासून तेच म्हणतोय," तो म्हणाला.

"बाबा, तुम्हीसुद्धा? आत्या, डॉक्टरांनी सांगितलंय, या वेळी जंतू सापडलेला नाही. जंतूच नाही तर गोळ्या मारणार कोणाला?"

"लपला असेल," ओत्ताविया म्हणाली. "आपण शोधायला गेलो की उंदीर दिसतो का?"

एर्मेस साबण हातात धरून थांबला. घरातल्या चार जणांपैकी जिने पाचवीनंतर पुस्तक उघडले नव्हते, तिनेच नेमके बोट ठेवले होते.

"हा काय एर्मेस आलाच," तार्चिसियो म्हणाला. "शिकलेला आहे, त्याला विचारा. गोळ्या चालतील की नाही?"

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिले. डेल्फिनानेही. लहानपणी शिक्षक घरी आले की ती त्याच्याकडे अशीच, गप्प राहा म्हणणाऱ्या नजरेने, बघायची.

"डॉक्टर सांगतात तसं करा," एर्मेस म्हणाला.

"हे तर आमचा जेलिंदोही सांगेल," ओत्ताविया म्हणाली. अकरा वर्षांपूर्वी क्षयाच्या तपासणीत एर्मेसने तिच्या चार गायी कत्तलखान्याला पाठवल्या होत्या. तेव्हापासून ती त्याच्याशी बोलायची ते असेच, भिंतीला बोलल्यासारखे.

डेल्फिनाने हात पुसले. "आतडी कमी पडणार. खाली तळघरात मिठात घातलेली आहेत. एर्मेस, चल, बरणी उचलायला माणूस लागेल."

तळघरात थंडी होती. फळ्यांवर मागच्या उन्हाळ्याच्या चीजची गोल चाके रांगेत लावलेली होती, प्रत्येक चाकावर माल्ग्याचा छाप आणि महिना. डेल्फिनाने दार लोटून घेतले.

"तोंड उघडायचं नाहीस."

"ताई, ऐकून तरी घे."

"गाडीत ऐकलंय. पुरे."

"गाडीत तू बोलत होतीस. आता मी बोलतो." तो उलट्या टोपलीवर बसला, म्हणजे त्याला तिच्याकडे वर बघावे लागले. "जंतुनाशकं घेतल्यावर महिनाभर या जंतूची तपासणी भरवशाची नसते. आणि आम्लाची ती गोळी तू दुर्बिणीच्या आदल्या दिवसापर्यंत घेत होतीस. तिच्यामुळे असलेला जंतूही दिसत नाही. 'जंतू नाही' असं त्यांनी लिहिलंय, ते माझ्या चिठ्ठीमुळे लिहिलेलं असू शकतं."

"असला जंतू, तर सोमवारची केमो थांबणार आहे का?"

"मला नाही वाटत."

"मग संपलं."

"संपलं नाही. केमोनं गाठ गेली आणि जंतू तिथंच राहिला, तर मूळ तिथंच राहिलं. तो वेगळा मारावा लागेल. तो आहे हेच त्यांना माहीत नसेल, तर मारणार कोण?"

"मी मे महिन्यात सांगेन. सगळं आटपल्यावर. म्हणेन, आत्ता आठवलं."

"आणि त्यांनी त्याच गोळ्या परत दिल्या तर? एकदा अर्धवट मार खाल्लेला जंतू त्याच औषधाला दाद देत नाही. गायींच्या कासेत मी हे रोज बघतो. कुठल्या गोळ्या, किती, किती दिवस, हे त्यांना आत्ता कळायला पाहिजे. ही गोष्ट तुला बरं वाटावं म्हणून नाही सांगत मी."

डेल्फिनाने एक चाक उचलून उलटे ठेवले. बोलणे आवडले नाही की ती हातांना काम द्यायची. गेल्या दोन महिन्यांत तिचे मनगट इतके बारीक झाले होते की घड्याळ कोपराकडे सरकत होते.

"मी चौदा वर्षांची होते," ती म्हणाली. "बाबांनी विचारलं, दोघांतला एकच शिकेल, कोण? मी म्हटलं, एर्मेस. मग मी दूध तापवायच्या कढईपाशी उभी राहिले ती अजून उभी आहे. तो शिक्का तुझा एकट्याचा नाही. माझा आहे. तो मी असा घालवू देणार नाही."

"तुझा आहे ना? मग मी तो तुझ्यासाठीच खर्च करतोय."

"तू बोललास तर मी सगळ्यांसमोर म्हणेन, खोटं आहे."

"म्हण."

"तोंडावर म्हणेन."

"म्हण ना. मी मोरोचं वजन सांगेन."

ती हसणार नव्हती, पण हसली. "साठ किलो. त्या औषधवाल्याला वाटलं असेल, आम्ही अस्वल पाळलंय." मग तिने बरणीकडे बोट केले. "उचल. आणि मी बोलले ते खरं धर."

बारा वाजता बारीक केलेल्या मांसात मीठ, मिरी आणि वाइन कालवून झाले. रिवाजाप्रमाणे त्यातला एक घास तव्यावर परतून डेल्फिनासमोर ठेवला गेला. मीठ बरोबर की कमी हे तिने सांगितल्याशिवाय आतडी भरायची नाहीत, असे तिच्या सासूच्या मृत्यूपासून चालत आले होते. तिने अर्धा घास खाल्ला. उरलेला बशीत ठेवला.

"मीठ कमी आहे. मूठभर टाक, जेलिंदो. तुझी नाही, माझी मूठ."

मक्याच्या पिठाचा घट्ट पोलेंटा वाढला गेला. ओत्तावियाने सगळ्यांची पाने भरली आहेत हे पाहून विषय पुन्हा काढला, आणि या वेळी ठरल्यासारखा. "तर मग सोमवारी तार्चिसियो जाऊन डॉक्टरांना सांगेल, आधी गोळ्या देऊन बघा. पंधरा दिवसांनी काय आभाळ कोसळतंय? नोएमी, तू गप्प बस, तुला पादोव्हाचं वेड आहे."

"पंधरा दिवस तिच्याकडे नाहीत, आत्या."

"तुला काय माहीत?"

"गोळ्या झाल्या आहेत," एर्मेस म्हणाला.

त्याने काटा खाली ठेवला आणि तारखेनिशी सांगितले. पंधरा नोव्हेंबरपासून चौदा दिवस. कोणती औषधे, किती. चिठ्ठी कोणाच्या नावाची. वीस डिसेंबरला डॉक्टरांना काय सांगायचे राहिले, आणि त्यामुळे कोणत्या तपासणीवर आता भरवसा ठेवता येत नाही. त्याला दोन मिनिटे लागली. जेलिंदो उठून बाहेर जावे की नाही या विचारात अर्धवट उभा राहिला, मग बसला.

"खोटं आहे," डेल्फिना म्हणाली.

मग तार्चिसियो म्हणाला, "डबी मी बघितली होती. मोरोचं नाव होतं वर. मी तुला विचारलं, कुत्र्याला काय झालंय. तू म्हणालीस, जंत." त्याने पावाचा तुकडा बशीच्या कडेला ठेवला. "मी आठ दिवस त्याचं भांडं वेगळं ठेवलं."

डेल्फिनाने नवऱ्याकडे पाहिले आणि नजर खाली घेतली.

नोएमीने पान बाजूला सारले. या घरात मामा तिचा होता. शहरात शिकायला जायचे तेव्हा बापाशी तिच्या बाजूने तोच भांडला होता. "सहा वर्षांपूर्वी त्यांनी तुलाही समजावून सांगितलं होतं ना, मामा? की हे उलटू शकतं, म्हणून दरवर्षी बघायचं?"

"सांगितलं होतं."

"आणि तू तिचा एक महिना खाल्लास. दुखणं दाबून."

"हो."

"हो? एवढंच?"

"दुसरं काय म्हणू? डॉक्टरांना विचारलं तर त्या कदाचित म्हणतील, महिन्यानं फरक पडला नसता. कदाचित म्हणतील, पडला असता. मी त्यातलं सोयीचं निवडणार नाही. सोमवारी मी आत येतो आणि सांगतो."

"आणि शिक्का?" तार्चिसियोने विचारले.

"बघू."

"काय बघू? खोऱ्यातल्या निम्म्या गोठ्यांना तूच आहेस."

तेव्हा ओत्ताविया बोलली, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा सरळ एर्मेसकडे बघून. "ज्यानं माझ्या चार गायी कागदावर नेल्या, त्यानं स्वतःचाही कागद लिहावा. मला तेव्हा तेवढंच पाहिजे होतं, नियम सगळ्यांना सारखा आहे की नाही ते." तिने त्याच्या पानात पोलेंट्याचा आणखी एक तुकडा टाकला. "खा. आणि गोळ्यांचं मी बोलले ते सोडून द्या. झाल्यात तर झाल्यात."

"तुम्ही त्याची बाजू घेताय?" नोएमी म्हणाली.

"मी कोणाची घेत नाहीये. तू आईची घे. पादोव्हाची नको घेऊस."

डेल्फिनाने टेबलावर हात टेकले आणि उठायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. कोणी मदतीला पुढे झाले नाही. झाले असते तर तिने ते चालवून घेतले नसते.

"गोळ्या मी मागितल्या," ती म्हणाली. "त्यानं येऊन दिल्या नाहीत. हे डॉक्टरांना सांगताना मला समोर बसव, एर्मेस, नाहीतर सगळं स्वतःवर घेशील, तुझी खोड आहे. सोमवारी इथंच जायचं. मला घरी येऊन झोपायचंय, नोएमीच्या तिसऱ्या मजल्यावर नाही. केमो सगळ्या घ्यायच्या, एकही चुकवायची नाही, गायी असोत नाहीतर लग्न असो. आता उठा. मांस गरम होतंय, आतडी भरायला घ्या."

नोएमी उठली. मामाच्या समोरची खुर्ची सोडून ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, आईजवळ, गाठी बांधायला बसली. संध्याकाळपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही.

सोमवारी आठ पस्तीसला डॉक्टर देल्ला लिबेरांनी त्यांना आत घेतले. एर्मेस बोलत असताना त्यांनी पेनचे टोपण काढले आणि मध्येच थांबवून तीन प्रश्न विचारले: रोजची मात्रा किती होती, एखादा दिवस चुकला का, आम्लाची गोळी अजून चालू आहे का.

"चालू आहे," डेल्फिना म्हणाली.

"ती तूर्त चालूच ठेवा, अस्तर नाजूक आहे. थांबवता येईल तेव्हा जंतूची तपासणी पुन्हा करू. रक्ताची एक तपासणी आजच करते, तिच्यावर गोळ्यांचा परिणाम होत नाही. पण जुना, मेलेला जंतूही तिच्यात दिसतो, त्यामुळे तेवढ्यावर काही ठरणार नाही." त्यांनी लिहिले. "केमो गुरुवारी सुरू. त्यात बदल नाही."

"आणि तो महिना?" एर्मेसने विचारले.

डॉक्टरांनी पेन थांबवले. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "जात कधी बदलली ते अहवालावरून कळत नाही. औषध कोणी लिहून दिलं?"

"मी सांगते," डेल्फिना म्हणाली. "मागितलं मी..."

"एर्मेस पाउलेत्ती," एर्मेस म्हणाला. "गुरांचा डॉक्टर."

त्यांनी ते नाव लिहिले.

डेल्फिनाने पिशवीतून कॅलेंडर काढले. "बारा जूनला गायी वर जातात. मोजून सांगा."

डॉक्टरांनी मोजले. दर एकवीस दिवसांनी एक, सहा वेळा. शेवटची अठ्ठावीस एप्रिलला, सगळे वेळेवर झाले तर. "पण गोठ्यात जायचं नाही. वाळल्या गवतात नाही. कच्चं दूध नाही, कच्च्या दुधाचं चीज नाही."

"आयुष्यच काढून घेतलंत की."

"सहा महिन्यांपुरतं."

"मग दूध हा तापवेल," डेल्फिनाने एर्मेसकडे हनुवटी केली. "शिकेल. बोलोन्याला जाऊन याच्यापेक्षा अवघड शिकलाय."

दहा वाजून दहा मिनिटांनी तपासणीसाठी तिच्या कमरेच्या हाडातून मज्जा काढली. ती ओरडली नाही. तार्चिसियो बाहेर बाकावर बसून टोपी गोल फिरवत होता.

बुधवारी एर्मेसने गुरांच्या डॉक्टरांच्या मंडळाला पत्र टाकले, दीड पानाचे, चिठ्ठीची प्रत जोडून.

गुरुवार, तेरा तारखेला सकाळी नऊला पहिली बाटली लागली. पहिल्या तासात थंडी वाजून आली, थेंब हळू केले, मग थांबली. साडेचारला डेल्फिना घरी आली. मज्जेचा अहवाल आलेला नव्हता. नोएमीने रजा वाढवली होती. एर्मेस आला तेव्हा तिने दार उघडले आणि बाजूला झाली.

सहा वाजता डेल्फिनाचे अंग तापलेले वाटले. ताप अडतीस अंशांच्या वर गेला तर लगेच कळवा, असे कागदावर लिहिलेले होते. सातला पारा सदतीस पूर्णांक आठवर होता.

"अजून अडतीस नाहीये," डेल्फिना म्हणाली. तिने डोळे मिटले होते. "तुझ्या बॅगेत काहीतरी असेल की. दे आणि जा घरी."

"असेल," एर्मेस म्हणाला. "पण देणार नाही."

बॅग गाडीतच होती. नोएमीने भिंतीवरचा फोन काढून त्याच्या हातात दिला आणि कागदावरचा रुग्णालयाचा नंबर वाचून दाखवला, एकेक करून. त्याने फिरवला. पलीकडे घंटी वाजत होती.